न कळणाऱ्या चित्राची बाजू

‘चित्र चांगले असेल, फादर, पण काही कळत नाही.’ आपल्या कॅथलिक कुटुंबांत हे वाक्य हल्ली तक्रार म्हणून नव्हे, तर निकाल म्हणून उच्चारले जाते. एकदा ‘कळत नाही’ असे म्हटले की खटला संपतो. आरोपीला आपली बाजू मांडण्याची संधीही मिळत नाही. त्या आरोपीचे वकीलपत्र मी येथे स्वेच्छेने घेत आहे. ज्या चित्रात माणूस नाही, झाड नाही, डोंगर नाही, केवळ कुंचल्याचा एक फटकारा आहे, रंगाचे एकावर एक चढलेले थर आहेत, अक्षर होता होता थांबलेली एखादी रेषा आहे, त्या चित्राला ख्रिस्ती माणसाच्या प्रार्थनाजीवनात जागा आहे की नाही? माझ्या मते आहे. आणि आज आपल्या डोळ्यांना जी बधिरता आली आहे तिच्यावर असे चित्र हा एक उपायही आहे.

ही चर्चा मुंबई-पुण्याच्या कलादालनांतील रिकामटेकड्यांची. बुलढाणा जिल्ह्यात कापूस-सोयाबीन पिकवणाऱ्या कुटुंबांना तिच्याशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. कर्तव्य आहे. खेड्यापाड्यांतील लहान प्रार्थनालयांत वेदीमागची भिंत हा आता वर्गणीचा विषय झाला आहे. जुनी चुन्याची भिंत डोळ्यांना खुपते, म्हणून तिच्यावर शहरातून छापून आणलेला फ्लेक्स ताणला जातो किंवा चित्र छापलेल्या चकचकीत फरशा बसवल्या जातात. त्या चित्रात निळ्या डोळ्यांचा मेंढपाळ असतो, मागे बर्फाच्छादित शिखरे असतात आणि आपल्या धनगराने जन्मात पाहिली नसतील अशी, फुटलेल्या बोंडासारखी शुभ्र मेंढरे असतात. खालच्या कोपऱ्यात देणगीदाराचे नाव इतके ठळक असते की शेवटच्या बाकावरून मेंढपाळाच्या मुखाआधी तेच वाचता येते. हे चित्र मात्र सर्वांना ‘कळते’. चार क्षणांत कळते, आणि पाचव्या क्षणापासून पुढे फ्लेक्स विरेपर्यंत त्याच्याकडे कोणी पाहत नाही. कळून संपणारे चित्र आणि न कळता उरणारे चित्र यांतील हा फरक किरकोळ नाही.

दुसऱ्या प्रकारच्या चित्राचा थोर उपासक आपल्याच विदर्भात जन्मला, हे किती जणांना ठाऊक आहे? वासुदेव संतू गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपूरचा. घराणे मूळचे गोव्याचे, वाढ मुंबईच्या गिरगावातली, शिक्षण सर जे. जे. कलाशाळेतले, तेथील पदविका त्यांनी १९४८ मध्ये घेतली. आरंभी ते भारतीय लघुचित्रांच्या वळणाची माणसे रंगवीत. पुढे पॉल क्ले या चित्रकाराचा त्यांनी अभ्यास केला, आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या चित्रांतून माणसे आणि वस्तू हळूहळू नाहीशा झाल्या. राहिला तो केवळ प्रकाश, पृष्ठभाग आणि त्यावर तरंगणाऱ्या काही खुणा. त्या खुणा एखाद्या विस्मृत लिपीच्या अक्षरांसारख्या दिसतात, पण वाचता येत नाहीत. १९५७ मध्ये टोकियो येथील तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले. झेन पंथाच्या विचाराने ते भारावले. १९६३ साली मॉरिस ग्रेव्ह्ज हा अमेरिकन चित्रकार मुंबईत त्यांना भेटला आणि प्रभावित होऊन त्याने न्यूयॉर्कच्या विलार्ड गॅलरीला त्यांच्याविषयी पत्र लिहिले. पुढच्याच वर्षी रॉकफेलर शिष्यवृत्तीवर गायतोंडे न्यूयॉर्कला गेले.

आता ही विलार्ड गॅलरी कोणाची? ग्रेव्ह्ज आणि मार्क टोबी यांच्या चित्रांना आश्रय देणारी. टोबीने १९३४ साली चीन आणि जपानला जाऊन कुंचला धरण्याची रीत शिकून घेतली होती, आणि परत आल्यावर त्याने पांढऱ्या रेषांचे जाळे विणल्यासारखी चित्रे काढली. तिकडे पॅरिसमध्ये १९४८ साली बीजिंगमध्ये जन्मलेला झाओ वू-की येऊन राहिला आणि चिनी शाईचा श्वास त्याने तैलरंगात उतरवला. त्याच काळात अमेरिकेत जॅक्सन पोलॉक, फ्रान्झ क्लाइन ही मंडळी सगळ्या शरीराची गती कॅनव्हासवर ओतत होती. हॅरॉल्ड रोझेनबर्ग या समीक्षकाने १९५२ मध्ये तिला ‘अ‍ॅक्शन पेंटिंग’ असे नाव दिले. पूर्वेची अक्षरसाधना आणि पश्चिमेचा हा मुक्त हस्त यांचा संगम त्या दोन-तीन दशकांत झाला, आणि त्या संगमावर आपला एक नागपूरचा मराठी माणूस उभा होता.

अक्षरसाधना हा शब्द मी हौसेने वापरलेला नाही. चिनी सुलेखनकार काम सुरू करण्यापूर्वी शाईची कांडी दगडी दौतीत पाणी घालून उगाळतो, आपल्याकडे सहाणेवर चंदन उगाळतात तशी. त्या उगाळण्यात मन स्थिरावते. कुंचला उभा धरायचा, हात खांद्यापासून हलवायचा. कागद असा की टेकवलेला थेंब तत्काळ पिऊन टाकतो. खोडणे नाही, गिरवणे नाही, दुरुस्ती नाही. ‘चिरंतन’ या अर्थाचे एक चिनी अक्षर आहे. त्यात लेखनाचे आठ मूळ फटकारे येतात, म्हणून विद्यार्थी ते अक्षर वर्षानुवर्षे घोटतो. ‘अनंतकाळ’ हाच ज्याचा कित्ता, त्या विद्यार्थ्याला आपण रिकामटेकडा म्हणणार काय? आठव्या शतकात हुआइसू नावाच्या भिक्षूने जी धावती लिपी लिहिली ती चिनी वाचकालाही सहजी वाचता येत नाही. तरी बाराशे वर्षे चीनने तिला मस्तकी धरले आहे. ‘कळत नाही’ या सबबीवर ती कोणी फाडून टाकली नाही.

आणि हे सारे ‘परके’ म्हणावे, तर ज्या ध्यानमार्गाने चिनी भिक्षूंचा हात घडवला त्याचे ‘चान’ हे नाव आपल्या ‘ध्यान’ शब्दाचेच चिनी रूप आहे. जपानात त्याचे ‘झेन’ झाले. बुलढाणा ज्या अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसले आहे, तिच्याच लेण्यांत एके काळी त्या ध्यानाचे उपासक राहत होते. गायतोंडे यांनी परदेशातून काही उसने आणले असेल, तर ते आपलेच व्याजासह परत आलेले मुद्दल होते.

‘असले चित्र तर माझा नातूही काढील.’ हा दुसरा आक्षेप, आणि तो करणाऱ्याच्या चेहऱ्यावर नेहमी विजयाचे हास्य असते. आजोबांनी नातवाला जरूर बसवावे. एक फटकारा काढू द्यावा, मग तसाच, तितक्याच वजनाचा दुसरा काढायला सांगावा, मग तिसरा. गायतोंडे वर्षाकाठी पाच-सहाच चित्रे पुरी करीत. उरलेला काळ ते वाट पाहत. रोलरने रंगाचा थर द्यायचा, पॅलेट नाइफने तो खरवडायचा, पुन्हा द्यायचा, आणि कोठे थांबायचे ते ओळखायचे. १९८४ मधील अपघातात त्यांच्या मणक्याला इजा झाली, मोठे कॅनव्हास काही वर्षे हाताळता येईनात. तेव्हा त्यांनी कागदावर शाईने लहान लहान चित्रे काढली. ती पाहिली की शरीर थकल्यावर हातात काय उरते ते दिसते: वर्षानुवर्षांचा सराव.

खरे तर हाताची ही भाषा आपल्या घरातच होती. शेणाने सारवलेले अंगण आठवा. सारवणाऱ्या बाईच्या तळव्याचे अर्धगोल एकमेकांत गुंफत उंबऱ्यापासून तुळशीपर्यंत किंवा आपल्या घरी क्रूसाच्या ओट्यापर्यंत जातात. त्यात कोणाचे चित्र आहे? कोणाचेच नाही. तरी कोणत्या घरचे सारवण कोणत्या हाताचे, हे गल्लीतल्या बाया ओळखत. सिमेंट आले आणि तो हात गेला. तसेच बोरूचे. मोडीत लिहिणारा कारकून आधी कागदभर शिरोरेघ ओढून घेई आणि मग तिला अक्षरे टांगत, हात शक्यतो न उचलता, ओळ पुरी करी. त्या वळणांचा अभ्यास करून अच्युत पालव यांनी अक्षराला वाचनाच्या बंधनातून सोडवले आणि मोठमोठ्या पटांवर चित्र म्हणून उभे केले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या आधी र. कृ. जोशी यांनी देवनागरी अक्षराला नाद असतो, देह असतो, हे एका पिढीला शिकवले. म्हणजे चीनच्या कुंचल्याला जो मान आहे तो आपल्या बोरूलाही मिळू शकतो. उणीव आहे ती आपल्या नजरेत.

मराठी ख्रिस्ती समाजापुरते एक जास्तीचे बोलायला हवे. येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले, आणि आपण त्याचा रास्त अभिमान बाळगतो. पण ते छापले गेले रोमन लिपीत, कारण देशी लिपीचे खिळे उपलब्ध नव्हते. मराठीची थोरवी गाणाऱ्या आपल्या आद्य ग्रंथाला मराठी अक्षराचे वळणच लाभले नाही. चार शतके झाली; शब्द आपला आणि हात परका, ही आपली अवस्था फारशी पालटलेली नाही. भारतीयीकरण म्हणजे पवित्र मरियेला साडी नेसवणे आणि वेदीवर समई ठेवणे, एवढ्यावर आपण समाधान मानले. अँजेलो दा फोन्सेका यांनी पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून साडीतली मरिया रंगवली तेव्हा ते धैर्याचे काम होते, आणि पोर्तुगीज गोव्यात त्याबद्दल त्यांना बोलणीही खावी लागली. १९६७ साली ते निवर्तले. आज त्यांच्या नावाने उमाळे काढणारे आपण त्यांचे धैर्य न घेता केवळ साडी उचलली आहे. पोशाख बदलणे सोपे. रेषेचा श्वास बदलणे अवघड.

तो श्वास न बदलता ख्रिस्ती होता येते, याचा दाखला चीनमध्येच आहे. वू ली हा सतराव्या शतकातला नामांकित चित्रकार, कवी आणि सुलेखनकार. चिनी कलेतिहासात आरंभीच्या छिंग काळातील सहा श्रेष्ठ चित्रकारांत त्याची गणना होते. तो मकाव येथे येशूसंघात दाखल झाला, १६८८ साली वयाच्या पंचावन्नाव्या-छपन्नाव्या वर्षी धर्मगुरू झाला आणि १७१८ मध्ये मरेपर्यंत शांघायच्या परिसरात साध्या धर्मग्रामांची सेवा करीत राहिला. पाश्चात्त्य चित्रांतली छायाप्रकाशाची करामत त्याने मकावला पाहिली होती. तिचे त्याला कौतुक वाटले असेल. पण त्याचा कुंचला अखेरपर्यंत चिनीच राहिला. आपल्या काळात पाहायचे तर १९४० साली कोरियात जन्मलेले फादर किम एन जूंग आहेत. तरुणपणी स्नानसंस्कार घेऊन ते फ्रान्समध्ये डॉमिनिकन संघाचे धर्मगुरू झाले. पूर्वेच्या शाईची वाहती रेषा आणि पश्चिमेचा मोकळा रंग यांचा मेळ घालून त्यांनी ब्रियूदच्या मध्ययुगीन बॅसिलिकेच्या खिडक्या रंगवल्या. त्या काचांत एकही संत ओळखू येत नाही. तेथे मिस्सा होते, लोक गुडघे टेकतात, आणि श्रद्धा बुडाल्याचे ऐकिवात नाही.

आता खऱ्या आक्षेपाकडे वळतो, कारण वरचे दोन्ही हलके होते. देवाने मनुष्यदेह धारण केला, त्याला मुख आहे. इ. स. ७८७ मध्ये निसेयाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने मूर्तिभंजकांविरुद्ध हेच ठासून सांगितले. त्याआधी, इ. स. ६०० च्या सुमारास, परमगुरू थोर ग्रेगरी यांनी मार्सेच्या महागुरूंना समज दिली होती की चित्रे फोडू नका. ज्यांना वाचता येत नाही ते भिंतीवर वाचतात. मग मुखविहीन चित्र हे मूर्तिभंजनाचेच नवे रूप नव्हे काय? प्रश्न गंभीर आहे आणि त्याची टवाळी करून चालणार नाही.

माझे उत्तर असे. वेदीजवळचा क्रूसावरचा देह मला हवाच आहे. तो उपासनाविधीने सांगितलेला आहे आणि त्याला पर्याय नाही. वाद आहे तो त्या देहाभोवतीच्या भिंतीचा. ग्रेगरींच्या काळी चित्र दुर्मीळ होते. आज सकाळच्या प्रार्थनेला बसण्याआधी आपल्या मुलाने मोबाइलवर शंभर चित्रे पाहिलेली असतात, आणि त्यांतली पाच-दहा येशूची असतात, खाली ‘पुढे पाठवा’ अशी ताकीद असलेली. चित्रांच्या दुष्काळात ग्रेगरींनी बियाणे पेरले. चित्रांच्या या तणात त्यांनी काय केले असते, याचा विचार त्यांचे नाव घेणाऱ्यांनी करावा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात स्पष्ट म्हटले की ख्रिस्तसभेने कोणतीही एक शैली आपली स्वतःची म्हणून स्वीकारलेली नाही. डामडौलापेक्षा उदात्त सौंदर्य पाहावे आणि प्रतिमांची संख्या मर्यादित ठेवावी. पुढच्याच वर्षी, ७ मे १९६४ रोजी, परमगुरू सहावे पॉल यांनी सिस्टिन चॅपलमध्ये कलावंतांना बोलावून त्यांची क्षमा मागितली: आम्ही तुमच्यावर अनुकरण लादले म्हणून. परमगुरूंनी ज्याची क्षमा मागितली तेच अनुकरण आम्ही साठ वर्षांनी फरशीवर छापून बसवतो आहोत. फरशीला माझा विरोध नाही, बरे का. आंरी मातिसने फ्रान्समधील व्हाँस येथे १९५१ साली पूर्ण झालेल्या चॅपलमध्ये पांढऱ्या फरशांवरच काळ्या रेषांनी क्रूसाची वाट काढली. तिथल्या संत डॉमिनिकला डोळे नाहीत, नाक नाही. आकृतीच्या त्या रिकाम्या मुखापुढे प्रार्थना करताना ज्याचे त्याला काहीतरी भरावे लागते.

शब्दांच्या बाबतीत हे आपण कधीच मान्य केले आहे. संत ऑगस्टीन यांनी स्तोत्रांवरील प्रवचनात शेतमळ्यांत काम करणाऱ्यांचे उदाहरण दिले: गाता गाता आनंद इतका अनावर होतो की शब्द गळून पडतात आणि नुसता स्वर उरतो, देवाची स्तुती अशीच करावी. ‘आलेलुया’च्या शेवटच्या स्वरावर जी लांब तान जुन्या गायनात घेत, तिचा अर्थ आपण कधी विचारला काय? कानाला दिलेली सवलत डोळ्याला नाकारण्याचे कारण नाही. लोणारच्या काठावर पाहुण्यांना घेऊन जातो तेव्हा ते पावणेदोन किलोमीटर व्यासाचे विवर पाहून कोणी ‘यात काय दाखवले आहे?’ असे विचारीत नाही. माणूस गप्प होतो. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झाले तेव्हा वैज्ञानिकांनी क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचे कारण शोधून काढले. पण कारण कळल्याने काठावरचे गप्प होणे थांबलेले नाही.

शिवाय आपला धर्मविधीच हाताच्या खुणांनी भरलेला आहे. राखेच्या बुधवारी कपाळावर अंगठ्याने ओढलेल्या दोन रेघा, ही केवळ गती आणि राख. जुन्या रोमन विधीप्रमाणे नव्या चर्चच्या अभिषेकाच्या वेळी जमिनीवर राखेचे दोन तिरपे पट्टे एकमेकांना छेदून पसरत, आणि महागुरू आपल्या दंडाच्या टोकाने त्यांवर ग्रीक आणि लॅटिन वर्णमाला लिहीत. त्या अक्षरांतून शब्द बनत नसे, वाचण्यासाठी ती नसतच. परिषदेनंतरच्या विधीत हा भाग राहिला नाही, याची मला वैयक्तिक हळहळ आहे. आणि योहानाच्या शुभवर्तमानात, त्या स्त्रीला दगडमार करायला निघालेल्या जमावासमोर प्रभू खाली वाकून बोटाने धुळीत काही लिहितो. दोनदा लिहितो. काय लिहिले ते सुवार्तिक सांगत नाही. कळले नाही म्हणून ते वाक्य आपण शुभवर्तमानातून वगळलेले नाही. जमाव पांगला; ते लिखाण कोणाला कळले म्हणून तो पांगला, असे कोठेही म्हटलेले नाही.

अमूर्ताच्या नावाखाली भोंदूपणा चालतो, हे मी नाकारीत नाही. पुष्कळ चालतो. बाजारानेही घोटाळा करून ठेवला आहे: डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतील लिलावात गायतोंडे यांचे एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेले, आणि मग ज्यांनी त्यांना हयातभर विचारले नव्हते तेही त्यांचे नाव घेऊ लागले. २००१ साली ते गेले तेव्हा फारसा गाजावाजा झाला नव्हता. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन मांडले तेव्हा आपल्याला जाग आली. किंमत हा काही पुरावा नव्हे, कोटींचाही नव्हे आणि फ्लेक्सच्या शेकड्यांचाही नव्हे. गायतोंडे ख्रिस्ती नव्हते. त्यांना बळेच आपल्या गोटात ओढण्याचीही गरज नाही. खरा हात आणि खोटा हात यांची पारख सारवण ओळखणाऱ्या बाया करीत, तशीच करावी लागेल. पुष्कळ पाहून.

म्हणून धर्मग्राम समित्यांपुढे माझी मागणी मोठी नाही. वेदीमागच्या भिंतीसाठी वर्गणी काढण्यापूर्वी शहरातील छापखान्याचा नमुन्यांचा आल्बम उघडू नका. आपल्यापैकी एखाद्या घरातला मुलगा किंवा मुलगी चित्रकला शिकत असेल, आणि ‘यात पोट भरायचे नाही’ म्हणून तिला नर्सिंगला आणि त्याला आयटीआयला पाठवण्याची तयारी चालली असेल, तर त्याला किंवा तिला ती भिंत दाखवा. एक वर्ष द्या. कागदावर शाईने शंभर वेळा एकच रेषा काढू द्या, आणि तिच्यात कोण आहे हे विचारू नका. देणगीदाराचे नाव हिशेबाच्या वहीत लिहा; ते तेथे सुरेख दिसते. आणि तशी रेषा मिळेपर्यंत भिंतीला दरवर्षी नाताळाआधी चुना लावून ती पांढरी ठेवा.